गिटार लॅपटॉपला जोडली, पण आवाज उशिरा आणि चिरका येतोय? गडबड नेमकी कुठे होते?

रात्रीचे साडेदहा वाजलेत. वन बीएचकेमध्ये घरचे झोपलेत. हातात नवी कोरी इलेक्ट्रिक गिटार आहे. ॲम्प घ्यायला पैसे उरलेले नाहीत आणि उरले असते तरी या वेळी तो लावता आला नसता. अशात एखादा मित्र सांगतो, "अरे, लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाक, ॲम्प फुकटात मिळतो."

सॉफ्टवेअर डाउनलोड होतं. स्वस्तातला एक ॲडॉप्टर लावून गिटारची केबल लॅपटॉपच्या जॅकमध्ये जाते. तार छेडली की आधी क्षणभर शांतता आणि मग आवाज. तोही कसा? डबीत माशी अडकल्यासारखा.

इथे बहुतेक नवशिके तीनपैकी एक निष्कर्ष काढतात. आपल्याला वाजवता येत नाही, गिटार हलक्या दर्जाची आहे किंवा लॅपटॉप जुना झालाय. मग कुणी गिटार कपाटावर टाकतं, कुणी नवी गिटार बघायला लागतं, तर कुणी नव्या लॅपटॉपसाठी घरी तगादा लावतं.

प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा या तिघांपैकी कुणाचाच नसतो. केबल कुठे जोडली, ड्रायव्हर कुठला निवडला आणि एक छोटीशी फाइल लावायची राहिली का, एवढ्यावर सगळं अवलंबून असतं. काय आहे हे प्रकरण? नीट समजून घेऊ.

मुळात इलेक्ट्रिक गिटारला ॲम्प लागतोच कशाला?

साध्या लाकडी गिटारचा आवाज तिच्या पोकळ पेटीतून येतो. बहुतेक इलेक्ट्रिक गिटार भरीव लाकडाच्या असतात. तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, त्याला पिकअप म्हणतात. तार हलली की पिकअपमध्ये अगदी बारीक विद्युत सिग्नल तयार होतो. हा सिग्नल वाढवून स्पीकरपर्यंत नेण्याचं काम ॲम्प करतो.

पण ॲम्प फक्त आवाज मोठा करत नाही, तो आवाज बदलतोही. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे, तसेच व्हॉल्व्ह गिटारच्या जुन्या ॲम्पमध्ये असतात. त्यांच्यावर जास्त ताण आला की सिग्नलची टोकं कापली जातात आणि आवाज फाटतो. हाच तो रॉकमधला 'डिस्टॉर्शन'.

सुरुवातीला हा बिघाड मानला जायचा. मग लोकांना तो आवडू लागला. 'द किंक्स' या ब्रिटिश बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी तर १९६४ मध्ये आपल्या छोट्या ॲम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने फाडून हवा तसा खरखरीत आवाज मिळवला होता.

अडचण अशी, की व्हॉल्व्हवर ताण द्यायचा तर आवाज वाढवावा लागतो. १५ वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्पही जवळून सहज १०० डेसिबलच्या वर जातो. आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा आहे ४५ डेसिबल. थोडक्यात, सोसायटीत भांडण नक्की.

मग हे काम कॉम्प्युटरकडे कसं आलं?

मोठ्या ॲम्पचा आवाज हेडफोनमध्ये मिळावा, ही इच्छा जुनी आहे. 'बॉस्टन' या अमेरिकी बँडचे गिटारवादक टॉम शोल्झ हे एमआयटीतून शिकलेले इंजिनीअर. त्यांनी १९८२ मध्ये 'रॉकमॅन' नावाचा हेडफोनवर वाजवायचा छोटा ॲम्प बाजारात आणला.

१९९८ मध्ये लाइन सिक्स या कंपनीने 'ॲम्प फार्म' आणलं. स्टुडिओतल्या प्रो टूल्स सिस्टिमवर चालणारं हे ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर होतं. पुढे 'ॲम्प्लिट्यूब' आणि 'गिटार रिग'सारखी सॉफ्टवेअर आली आणि ॲम्प घरच्या कॉम्प्युटरवर पोहोचला.

अलीकडची मोठी उडी म्हणजे 'न्यूरल ॲम्प मॉडेलर'. स्टीव्हन ॲटकिन्सन यांनी तयार केलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आणि ओपन सोर्स आहे. यात खऱ्या ॲम्पमधून एक ठरलेला आवाज पाठवतात आणि बाहेर काय आलं ते रेकॉर्ड करतात. या दोन्हींतला फरक न्यूरल नेटवर्क शिकतं. तयार झालेल्या फाइलला 'कॅप्चर' म्हणतात. जगभरातल्या लोकांनी आपापल्या ॲम्पची कॅप्चर मोफत वाटली आहेत आणि 'टोन ३०००' या साइटवर ती मिळतात.

म्हणजे लाखभर रुपयांच्या ॲम्पच्या जवळ जाणारा आवाज आज शून्य रुपयांत मिळू शकतो. पण तो तुमच्या कानापर्यंत नीट पोहोचवायचा तर तीन अडथळे पार करावे लागतात.

पहिला अडथळा : केबल चुकीच्या भोकात

गिटारचा पिकअप अतिशय नाजूक सिग्नल देतो. तो घेणाऱ्या उपकरणाचा इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विद्युत विरोध, खूप जास्त असावा लागतो. गिटार ॲम्पमध्ये तो साधारण १० लाख ओहम, म्हणजे १ मेगाओहम असतो. लॅपटॉपच्या माइक जॅकमध्ये तो बहुधा काही हजार ओहम इतकाच असतो. तिथे गिटार जोडली की पिकअपवर भार पडतो, वरच्या पट्टीतले बारकावे गळून जातात आणि आवाज मेलेला वाटतो.

दुसरी गोष्ट. आजच्या बहुतेक लॅपटॉपना हेडफोन आणि माइक मिळून एकच जॅक असतो. त्याच्या पिनला चार टप्पे असतात आणि टोकाचा टप्पा असतो हेडफोनच्या डाव्या कानाचा. गिटारच्या केबलला दोनच टप्पे असतात. साधा ॲडॉप्टर लावून ती तिथे खोचली, तर गिटारचा सिग्नल माइकच्या टप्प्याला लागतच नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर दाखवत असलेला आवाज कित्येकदा लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकमधून आलेला असतो.

यावर उपाय आहे ऑडिओ इंटरफेस. यूएसबीने लॅपटॉपला जोडायची ही छोटी डबी. तिच्यावर गिटारचं चित्र असलेलं किंवा 'इन्स्ट' लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की गिटारला हवा तसा इनपुट मिळतो. हे बटण दाबायचं विसरणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

पण खरेदीआधी एक गोष्ट तपासा. तुमच्याकडे किंवा मित्राकडे मल्टिइफेक्ट पेडल असेल आणि त्याला यूएसबी पोर्ट असेल, तर त्यातली अनेक मॉडेल ऑडिओ इंटरफेस म्हणूनही चालतात. मॅन्युअल बघा. कदाचित वेगळी डबी घ्यावीच लागणार नाही.

दुसरा अडथळा : आवाज उशिरा का येतो?

या उशिराला 'लेटन्सी' म्हणतात आणि नवशिक्यांना सर्वात जास्त हैराण करते ती हीच.

कॉम्प्युटर आवाज सलग वाहत्या पाण्यासारखा हाताळत नाही. तो आधी आवाजाचे थेंब, म्हणजे सॅम्पल, एका बादलीत जमा करतो. बादली भरली की एकदम सगळ्यावर काम करतो. या बादलीला 'बफर' म्हणतात. बादली मोठी असेल तर ती भरायला वेळ लागतो आणि आवाज उशिरा येतो. बादली फारच छोटी असेल तर प्रोसेसरची धांदल उडते आणि आवाजात कटकट ऐकू येते.

याचं गणित सोपं आहे. आवाज सेकंदाला ४८ हजार सॅम्पल या वेगाने जात असेल तर,

- बफर १०२४ : एका बाजूने २१.३ मिलिसेकंद, जाऊन-येऊन ४२.७
- बफर ५१२ : एका बाजूने १०.७, जाऊन-येऊन २१.३
- बफर २५६ : एका बाजूने ५.३, जाऊन-येऊन १०.७
- बफर १२८ : एका बाजूने २.७, जाऊन-येऊन ५.३

ड्रायव्हर आणि इंटरफेसच्या आतल्या कामामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून थोडा जास्त येतो.

आता हे जास्त की कमी? हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ॲम्पपासून सुमारे साडेतीन मीटर लांब उभं राहून वाजवणं. स्टेजवर वादक तेवढ्या अंतरावर उभे राहतातच. ४० मिलिसेकंद म्हणजे मात्र ॲम्प जवळपास १४ मीटर लांब. तिथे हात आणि कान यांचं जुळत नाही. वादक नकळत हात थांबवतो किंवा घाई करतो आणि लय बिघडते. त्याला वाटतं आपल्याला ताल नाही.

तपासायची सोपी युक्ती आहे. हेडफोन एका कानावरून थोडा सरकवा आणि एक तार जोरात छेडा. तारेचा स्वतःचा बारीक 'टक्' आणि हेडफोनमधला आवाज वेगवेगळे ऐकू आले, तर दोष तुमच्या बोटांचा नाही.

विंडोज लॅपटॉपवर याचं सर्वात मोठं कारण असतं ड्रायव्हर. विंडोज सगळ्या ॲपचा आवाज एकत्र मिसळून मग स्पीकरला देतं आणि या फेरीत वेळ जातो. ही फेरी टाळण्यासाठी जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये 'एएसआयओ' नावाची पद्धत आणली. तिच्यामुळे संगीताचं सॉफ्टवेअर थेट इंटरफेसशी बोलतं.

म्हणून इंटरफेस घेतल्यावर पहिलं काम म्हणजे त्याच्या कंपनीच्या साइटवरून एएसआयओ ड्रायव्हर टाकणं. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर नसेल तर 'एएसआयओ फॉर ऑल' हा मोफत पर्याय आहे. मॅकवर 'कोअर ऑडिओ' आधीच असतं, त्यामुळे तिथे ही पायरी लागत नाही.

आणि एक महत्त्वाचं. ब्लूटूथ हेडफोन नको. साध्या ब्लूटूथमध्ये उशीर १०० मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो. बाकी सगळं बरोबर केलं तरी तो सगळ्यावर पाणी फिरवतो. वायरवाला हेडफोन घ्या आणि तो लॅपटॉपला न लावता इंटरफेसला लावा.

तिसरा अडथळा : माशीसारखा आवाज

लेटन्सी गेली, पण डिस्टॉर्शन लावलं की कानात माशा घोंघावतात. हे का होतं?

गिटार ॲम्पचा १२ इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा बाहेर टाकतच नाही. डिस्टॉर्शनमधला कर्कश भाग स्पीकरच गाळून टाकतो. हेडफोन मात्र त्याच्या कितीतरी वरपर्यंतचा आवाज इमानदारीने ऐकवतो.

त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये ॲम्पनंतर स्पीकरच्या पेटीची, म्हणजे कॅबिनेटची नक्कल लागतेच. ती एका छोट्या फाइलमध्ये असते. तिला 'इम्पल्स रिस्पॉन्स' किंवा नुसतं 'आयआर' म्हणतात. खऱ्या कॅबिनेटसमोर माइक ठेवून ती घेतलेली असते. ॲम्प्लिट्यूब आणि गिटार रिगमध्ये कॅबिनेट आधीच जोडलेलं येतं. न्यूरल ॲम्प मॉडेलरमध्ये बऱ्याचदा आयआर वेगळी लावावी लागते आणि नवखा माणूस नेमका तिथेच अडकतो.

उलटंही होतं. काही कॅप्चर कॅबिनेटसकट घेतलेली असतात. त्यावर पुन्हा आयआर लावली तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो. म्हणून डाउनलोड करताना वर्णन वाचा. नुसतं ॲम्प आहे की पूर्ण रिग, हे तिथे लिहिलेलं असतं.

आता प्रत्यक्ष सेटअप : एकेक पायरी

उदाहरण म्हणून विंडोज लॅपटॉप, साधा इंटरफेस, 'रीपर' हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आणि न्यूरल ॲम्प मॉडेलर घेऊ. रीपर ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून बघता येतं, त्यानंतर परवाना घ्यावा लागतो.

१. इंटरफेसचा ड्रायव्हर टाका, मग लॅपटॉप रीस्टार्ट करा.

२. गिटार पहिल्या इनपुटला जोडा. 'इन्स्ट' बटण दाबा. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा.

३. इंटरफेसचा गेन शून्यावरून सुरू करा. सगळ्या तारा जोरात छेडत तो वाढवा. लाल दिवा लागला की थोडा मागे या. लाल दिव्याचा फाटका आवाज हा ॲम्पचा डिस्टॉर्शन नव्हे. तो पुढे कशानेही दुरुस्त होत नाही.

४. इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' असेल तर तो बंद करा. नाहीतर गिटारचा कोरा आवाज आणि सॉफ्टवेअरचा आवाज दोन्ही एकदम ऐकू येतात.

५. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ डिव्हाइसच्या पानावर एएसआयओ निवडा, त्यात तुमचा इंटरफेस निवडा. सॅम्पल रेट ४८०००, बफर २५६ ठेवा.

६. नवा ट्रॅक घ्या. इनपुट मोनो आणि क्रमांक १ निवडा. लाल रेकॉर्ड बटण आणि मॉनिटरिंग चालू करा. आता गिटारचा कोरा, पातळ आवाज यायला हवा. तो येत नसेल तर पुढे जाऊ नका, मागच्या पायऱ्या तपासा.

७. ट्रॅकच्या एफएक्स बटणातून न्यूरल ॲम्प मॉडेलर लावा. त्यात आधी कॅप्चर, मग आयआर उघडा.

८. आवाज ठीक वाटला की बफर १२८ करून बघा. कटकट आली तर परत २५६ वर या.

इफेक्टचं काय? कॅप्चरमध्ये ॲम्पचा स्वभाव येतो, डिले आणि रिव्हर्ब येत नाहीत. ते ॲम्पनंतर वेगळे लावायचे. रीपरमध्ये दोन्ही आधीच आहेत. ओव्हरड्राइव्हसारखं पेडल मात्र ॲम्पच्या आधी. हा क्रम खऱ्या पेडलबोर्डसारखाच आहे.

गुणगुण आणि कटकट कशी घालवायची?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. तिची 'हम्म' अशी गुणगुण पिकअप सहज पकडतो, विशेषतः एका गुंडाळीचा सिंगल कॉइल पिकअप. गिटार स्क्रीनपासून आणि ट्यूबलाइटपासून लांब घ्या, बसायची दिशा बदलून बघा. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर दोष चार्जरकडून येतोय, मग वेगळं अर्थिंग असलेलं सॉकेट वापरून बघा. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. ती तुमच्या जिवासाठी असते.

उरलेली खरखर नॉइज गेटने दाबता येते. पण गेट फार कडक ठेवला तर लांबवलेला सूर मध्येच तुटतो.

मध्येमध्ये कटकट येत असेल तर ब्राउझर बंद करा, लॅपटॉपचा पॉवर मोड सर्वात वर ठेवा, वाय-फाय बंद करून बघा. तरी येत असेल तर बफर एक पायरी वाढवा.

पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही?

गंमत अशी, की बरेच जण उलट्या क्रमाने खर्च करतात. आधी महागडं सॉफ्टवेअर, मग नवा लॅपटॉप आणि शेवटी इंटरफेस. वाईट इनपुटवर महागडं सॉफ्टवेअर लावलं तरी आवाज वाईटच येतो.

बजेट कमी असेल तर आधी इंटरफेस, मग वायरवाला बरा हेडफोन. सॉफ्टवेअर शेवटी आणि तेही आधी मोफतच. न्यूरल ॲम्प मॉडेलर पूर्ण मोफत आहे. ॲम्प्लिट्यूब आणि गिटार रिग यांच्या मोफत आवृत्त्या आहेत. मॅकवर गॅरेजबँडमध्ये ॲम्प आणि पेडल आयतेच मिळतात. लिनक्सवर 'गिटारिक्स' आहे.

इतके मोफत पर्याय असताना क्रॅक केलेली सॉफ्टवेअर टाकणं म्हणजे विकतचं दुखणं. अशा फाइलमधून मालवेअर येतं आणि ज्या लॅपटॉपवर घरच्यांचं नेटबँकिंग चालतं, त्याचाच धोका वाढतो.

मग खऱ्या ॲम्पची गरजच संपली का? तसंही नाही. बँडमध्ये ड्रमच्या शेजारी वाजवायचं असेल तर लॅपटॉपसोबत मोठे स्पीकर लागतात. ऐन कार्यक्रमात विंडोजचं अपडेट सुरू झालं तर काय, ही भीती असतेच. घरचा सराव आणि रेकॉर्डिंग या दोन गोष्टींसाठी मात्र लॅपटॉप पुरेसा आहे.

थोडक्यात काय?

गिटार माइक जॅकला न जोडता इंटरफेसच्या इन्स्ट इनपुटला जोडा. ड्रायव्हर एएसआयओ निवडा, बफर २५६ किंवा १२८ ठेवा. ब्लूटूथ टाळा. ॲम्पनंतर कॅबिनेट एकदाच लावा.

एवढं केल्यावरही सूर चुकत असेल, तर मात्र सराव वाढवायचा. पण निदान तेव्हा चूक नेमकी कुणाची, हे तुम्हाला नीट ऐकू येईल. आणि शेजाऱ्यांना काहीच ऐकू येणार नाही.